कोळेकर डॉक्टरांची मोजणी

सांगलीत सकाळी अकरा वाजता, भर वर्दळीत, एक एम.डी. झालेला पन्नाशीचा डॉक्टर हातोडीनं संडासाचं कुलूप फोडत होता. डॉ. कोळेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

इमारत तीन मजली. वर कोळेकरांची लॅब, खाली कापडाचं दुकान, आणि जिन्याखाली सगळ्यांत मिळून एक संडास. ‘कोण कुठलं येऊन घाण करतंय’ म्हणून कापडवाला त्याला कुलूप लावायचा. डॉक्टर ते फोडायचे. फोडून झालं की स्वतः बाजारात जाऊन नवं कुलूप आणायचे आणि कापडवाल्याच्या गल्ल्यावर ठेवायचे. किल्ली मात्र स्वतःच्या खिशात, म्हणून कापडवाला पुढच्या वेळी आपलं दुसरंच कुलूप लावायचा.

“आवं डॉक्टर, किल्ली मागितली असती तर दिली असती की!” कापडवाला ओरडला.

“यप्पा! ज्याला लागलीय त्यानं साड्या बघणाऱ्या बायकांच्या म्होरं हुबं राहून किल्ली मागायची व्हय? तू माग बघू एकदा. आत्ता माग. मोठ्यानं माग.”

कापडवाल्यानं मागितली नाही. कुलूप खाली पडलं. माझी बायको सुमन त्या वेळी माझ्यामागं भिंत धरून उभी होती. कुणाकडं न बघता ती पुढं झाली आणि आत गेली. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो, कारण पुढं या माणसाबद्दल मी पुष्कळ वाईट बोलणार आहे.

मी विट्याचा. आमचा धंदा गलाईचा, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा. सोळाव्या वर्षी मदुराईला गेलो, दुसऱ्याच्या भट्टीपुढं भाजून निघालो, मग विट्याला परतून स्वतःची भट्टी घातली. कुणी मला काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाचा पहिला शब्द कधी मान्य केला नाही. भाजीवाल्याचा नाही, सरकारी साहेबाचा नाही आणि डॉक्टरचा तर नाहीच नाही.

डॉक्टरांवर माझा राग फुकटचा नव्हता. नऊ वर्षं सुमनला लघवीचा त्रास होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं, ओटीपोट धरून बसायचं. एस.टी. बंद, लग्नं बंद, माहेर बंद. लघवी तपासली की रिपोर्ट स्वच्छ. जंतू नाहीत, खडा नाही, साखर नाही. एकानं गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं त्याच गोळ्या वेगळ्या रंगात दिल्या, तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “वहिनींचं थोडं मनाचं आहे.” माझ्या आईचं तर ठरलेलंच होतं, “कामाच्या वक्ताला बरं लागतंय हिला.” मी काय म्हणत होतो ते पुढं येईल.

शेवटी मिरजेच्या एका सर्जननं भूल देऊन दुर्बीण घातली. लघवीची पिशवी पाण्यानं फुगवली तेव्हा आतल्या भिंतीला बारीक-बारीक रक्ताचे ठिपके दिसले, म्हणाला. भिंतीचा एक कण काढला, औषधाच्या पाण्यात घालून बाटली माझ्या हातात दिली आणि चिठ्ठी लिहिली. “सांगलीला कोळेकरांकडं द्या. मास्ट पेशी मोजायच्यात. ते काम या भागात तेच करतात.”

तेच करतात! या दोन शब्दांनी माझं डोकं सणकलं. आमच्या धंद्यात ‘हे काम फक्त तोच करतो’ असं कुणी सांगितलं की समजायचं, इथं फसवणूक आहे. सोन्याचा तुकडा एकाच्या कसोटीवर सोडायचा नाही. त्याचे दोन भाग करायचे, दोन गावांत दोन माणसांकडं द्यायचे, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. दोघांचे आकडे जुळले तर खरं. या रीतीवर मी पंचवीस वर्षं तरलो.

सुमन दवाखान्यात झोपली होती. मी दाढीचं नवं पातं काढलं, खिडकीत उजेडाला बसलो आणि बाटलीतला तो ज्वारीच्या दाण्याएवढा कण मधोमध कापला. अर्धा कण आणि अर्धं औषध दुसऱ्या बाटलीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्या औषधाच्या वासानं. हात मात्र हलला नाही. हात माझा सोन्याचा आहे.

सुमनला दवाखान्यातून सोडल्यावर, तिला बरोबर घेऊन घरी जाता जाता, एक बाटली द्यायला कोळेकरांकडं गेलो तेव्हा ते कुलूपफोडीचं दृश्य घडलं. दुसरी बाटली दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका लॅबमध्ये टाकून आलो. कुणाला बोललो नाही. सुमनलाही नाही.

लॅबच्या दारावर पाटी होती : ‘मोजणी चालू आहे. बोलल्यास पुन्हा पहिल्यापासून.’ ती थट्टा नव्हती. आत डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले. उजव्या हाताशी दोन वाट्या, एकीत चिंचोके. एक पेशी दिसली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. त्या वेळात दूधवाला किटली घेऊन उभा राहायचा, पोस्टमन उभा राहायचा, एकदा म्हणे विजेचं बिल वसूल करायला आलेला माणूस तासभर उभा राहून तसाच परत गेला होता. कुणी खोकलं तरी डॉक्टर दोन्ही वाट्या एकत्र ओतायचे.

ही सवय कुठली, ते मला त्यांनीच सांगितलं. ते जत तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरचे. दिवस मावळताना मेंढरं वाड्यात घ्यायची तेव्हा बाप दारात उभा राहून मोजायचा. त्या वेळी बोलायची कुणाची छाती नव्हती. एक कमी भरलं तर सगळी बाहेर आणि परत पहिल्यापासून. “एक मेंढरू म्हंजे एकच की, असं आमच्या आप्पाला कोण म्हणालं न्हाई कवा,” ते म्हणाले.

पहिल्याच दिवशी आमची जुंपली ती दिवसांवरून.

“रिपोर्ट कधी?” मी विचारलं.

“अकरा दिवस.”

“सात.”

“बारा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “आवं डॉक्टर, मी कमी करा म्हणतोय. नऊ.”

“तेरा, शेठ.”

मी आयुष्यात लबाड पाहिले, ठक पाहिले, रडून भाव पाडणारे पाहिले. आपणहून वर जाणारा माणूस पाहिला नव्हता. आणखी बोललो असतो तर महिन्यावर नेलं असतं. तोंड बंद करून उठलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा हरलेला भाव घेऊन जिना उतरलो. तो राग माझ्या डोक्यात तेरा दिवस शिजत होता.

साताऱ्याचा रिपोर्ट आधी आला. टाइप केलेला, शिक्का मारलेला : विशेष बदल नाही, पेशींची संख्या नेहमीएवढी. आईनं तो वाचून घेतला आणि म्हणाली, “मी काय म्हणत होते?” सुमन उठून मागच्या दारी गेली.

तेराव्या दिवशी कोळेकरांचा आला. हातानं लिहिलेला, निळ्या शाईत : मास्ट पेशी वाढलेल्या, विशेषतः स्नायूच्या थरात. आणि खाली एक ओळ : ‘तुकडा अपुरा. एक कड धारदार हत्यारानं कापलेली. वरचा थर मिळत नाही. कारण कळावे.’

माझ्या डोक्यात एकच आलं. दोन कसोट्या, दोन आकडे. एक माणूस खोटा. आणि शिक्क्याचा माणूस खोटा असत नाही, चिंचोक्यांचा असतो. सांगलीची एस.टी. धरली, जिना चढलो आणि पाटीकडं न बघता आत शिरून ओरडलो, “डॉक्टर, धंदा बंद करा हा!”

त्यांचा डावा हात वर गेला. डोळा काचेवरच. मी थांबलो नाही. साताऱ्याचा कागद टेबलावर आपटला. “हे बघा! काही न्हाई म्हणतोय साताऱ्याचा. तुमी काय चिंचोके मोजून लोकांच्या बायकांना आजारी पाडता?”

डॉक्टरांनी दोन्ही वाट्या एकत्र ओतल्या. कागद वाचला. आपला कागद शेजारी ठेवला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “ह्यो तुकडा कुणी कापला?”

“मी.” मी छाती काढून म्हणालो. “आमची रीत हाय तशी.”

त्यांनी दोन्ही कागद बाजूला सारले. आणि मग जो आवाज निघाला तो खालच्या कापडवाल्यानं ऐकला असणार, कारण तो जिन्यात येऊन उभा राहिला.

“सोनं वाटलं व्हय? सोनं कुठनंबी काप, सोनंच असतंय. वर तेच, खाली तेच. माणूस तसं न्हाई, शेठ! पिशवीच्या भिंतीला थर असत्यात. वरचं अस्तर येगळं, खालचा स्नायू येगळा. तुमी अस्तर साताऱ्याला धाडलंत आणि स्नायू मला. त्यानं खोटं लिहिलं न्हाई, मीबी लिहिलं न्हाई. घरातलं अर्धं माणूस एकाकडं, अर्धं दुसऱ्याकडं, आणि वर इचारतोय खरं कोण!”

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, विचारलं नव्हतं. मी म्हणालो, तुमच्यासारख्यांचा विश्वास कुणी धरावा? ते म्हणाले, तुमचा विश्वास नको, बाईचा तुकडा पाहिजे होता. मी अजून काहीतरी म्हणालो, ते इथं लिहिता येत नाही.

मग, दम लागल्यावर, त्यांनीच मला खाली बसवलं आणि पेशी म्हणजे काय ते सांगितलं. मी रागातच ऐकत होतो, पण ऐकलं.

“ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणदार बसतोय का न्हाई? गोफण घेऊन? तसल्या ह्या पेशी. शरीराच्या राखणीला असत्यात. पाखरं आली की दगूड सोडायचा, हे काम. पण एखाद्याच्या शिवारात राखणदारच लय होत्यात आणि पाखरं नसली तरी गोफण चालूच. मग कणसं कुणाची फुटायची? आपलीच. सूज येती, आग होती. लघवीत पाखरं हुडकून काय उपेग? रिपोर्ट स्वच्छच येणार.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी कळलं होतं. ते चिडलेल्या माणसाच्या तोंडून कळावं लागलं याचा मला जास्त राग आला.

आता प्रश्न असा की दोन्ही कागद बघून सर्जन म्हणाला, दोन अर्धे एकाच माणसानं एकत्र बघितल्याशिवाय मी औषध सुरू करणार नाही. नाहीतर परत भूल, परत दुर्बीण, परत तुकडा. सुमनला सांगितलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, “परत मी आडवी व्हणार न्हाई. माझं मनाचंच हाय असं समजा आणि सोडा.” तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं भाव संपल्यासारखं म्हटलं. दुकान बंद करून निघालेल्या माणसाशी भांडता येत नाही.

मी साताऱ्याला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, आम्ही मटेरियल बाहेर देत नाही. मी भाव करायला सुरुवात केली, त्यानं फोन ठेवला. कोळेकरांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, “बरं,” आणि दार लावून घेतलं. मी दारावर लाथ मारली. खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांनी कळलं ते कापडवाल्याकडून. डॉक्टर पहाटेच्या एस.टी.नं साताऱ्याला गेले होते. त्या लॅबच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. हे वयानं मोठे, शिक्षणानं मोठे; आणि तिथला तो पोरगेला डॉक्टर आधी कधीतरी एका सभेत यांच्या चिंचोक्यांवर सगळ्यांना हसवून गेलेला. त्याच्यापुढं हे उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, तुमचंच बरोबर हाय. पण मला ते एकदा बघू द्या.” मेणात बसवलेला तो अर्धा कण खिशात घालून संध्याकाळी परत आले.

हे ऐकून मी विरघळलो असेन असं कुणाला वाटेल. मी चिडलो. माझ्या चुकीसाठी दुसऱ्या कुणी मान खाली घालावी हे मला सहन होत नाही. ते उपकार होतात, आणि उपकाराचा भाव करता येत नाही.

नऊ दिवस मोजणी चालली. पूर्ण रिपोर्ट आला : पेशी वाढलेल्या, स्नायूच्या थरात जास्त; दीर्घकाळ सूज असणाऱ्या पिशवीत असं आढळतं. मी वाचला आणि विचारलं, “आजार हाय म्हणून सरळ लिहा की. ‘आढळतं’ काय? नक्की म्हणा. सही करा.”

“ते पेशी सांगत न्हाईत.”

“मग कोण सांगतंय?”

“तुमची बायको सांगती. नऊ वर्सं सांगती. पेशी वाढल्यात, मी तेवढं लिहिलं. उद्या कमी भरल्या असत्या तरी तिचं दुखणं खरंच असतं.”

“आवं, मला आईला दाखवायचाय हा कागद.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. कापडवाला होता, दूधवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर म्हणाले, “आईला न्हाई, शेठ. तुमाला पाहिजे कागद.”

ही माझी खरी तक्रार. बाकीचं सगळं मी सोडलं, हे सोडलेलं नाही. चार माणसांत, उभ्यानं, एवढं खरं कुणी कुणाला बोलू नये.

सर्जननं औषध सुरू केलं. दर आठवड्याला मिरजेला जायचं, पिशवीत औषध सोडायचं, थोडा वेळ धरून ठेवायचं. वर एक गोळी. सुमनला पंधरा मिनिटांचा तास झाला, कधी दीड तास. बरी झाली असं नाही. पण आई गप्प झाली. मीही कोळेकरांना विसरायचं ठरवलं.

तर एका रविवारी दुपारी हा माणूस माझ्या विट्याच्या घरापुढं उभा. उन्हानं लाल, धोतरासारखा चुरगळलेला शर्ट, हातात काही नाही.

“काय राहिलंय का?” मी ओट्यावरूनच विचारलं.

“न्हाई. वहिनी हायत का?”

आत आणून बसवावंच लागलं. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली. डॉक्टर तिच्याकडं बघेनात, जमिनीकडं बघत म्हणाले, “वहिनी, मला पेशी दिसल्या. दुखणं काचेवर दिसत न्हाई. ते कसं असतंय, एवढं इचारायला आलो. नको वाटलं तर सांगू नका.”

सुमननं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, म्हणेल ‘बरंय आता’. सगळ्यांना तेच म्हणते.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि सांगायला लागली. पिशवी भरत आली की काचेचा चुरा भरल्यागत होतं. रिकामी झाली की दोन मिनिटं बरं, आणि मग परत. भावाच्या लग्नात आदल्या दिवसापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, अक्षता टाकतानाच चक्कर आली. माहेरच्या वाटेवर कुणाकुणाच्या परड्यात संडास आहे ते पाठ होतं. आणि आतल्या आत कळ आली की पदराचा बोळा तोंडात धरायचा, कारण बाहेर हे उभे असायचे.

‘हे’ म्हणजे मी. मी बाहेर उभा असायचो, आणि दारावर मूठ आपटून म्हणायचो, “झालं का गं? किती वेळ?” नऊ वर्षं मी तिला एवढंच विचारलं होतं.

तासभर तरी ती बोलली. डॉक्टरांनी एकदाही मध्ये तोंड उघडलं नाही, काही लिहून घेतलं नाही. शेवटी उठले, ओट्यावर येऊन चपला शोधू लागले. मी त्यांच्यामागं आलो. काहीतरी टाकून बोलल्याशिवाय मला राहवेना.

“एवढं इचारायला सांगलीवरनं आला? रविवारी?”

“अठ्ठावीस वर्सं झाली, शेठ. बाटली येती, कागद जातोय. म्होरं माणूस जगलं का मेलं, दुखायचं थांबलं का न्हाई, मला कोण सांगत न्हाई. बरं झालं तर कशाला येतंय, आणि मेलं तर कसं येणार? कुणाच्या दारात जाऊन इचारावं तर वळख न्हाई.” एक चप्पल पायात घालून ते थांबले. “तुमी भांडलासा, म्हणून वळख झाली.”

आतून सुमन म्हणाली, “जेवून जावा म्हणावं त्यांना.”

“मला?” डॉक्टरांनी मला विचारलं. मागं वळून बघितलं, मागं कुणी उभं आहे की काय.

माझा पारा चढला. “आवं, बसा की खाली!” मी ओरडलो, आणि ते तसेच, एक पाय चपलेत ठेवून, ओट्यावर बसले.

मी आत गेलो. सुमन भाकरी थापत होती. तिच्या पाठीशी उभा राहिलो. 

“आत्ता दुखतंय का गं?”

तिचे हात थांबले. मागं वळली नाही.

“थोडं,” ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “लय न्हाई. ताटं घ्या.”